बुसानचं नुरिमारु एपेक हाऊस: एका दुपारात नीट पाहायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला, बेक्स्को केंद्रातल्या सागरी उद्योगाच्या प्रदर्शनासाठी जायचं आहे. एक दुपार मोकळी मिळेल. सोबत सत्तरीची आई आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि दोघंही शाकाहारी. २००५ ची एपेक शिखर परिषद समुद्राकाठच्या ज्या गोल इमारतीत झाली, ती पाहण्याजोगी आहे का, कसं जायचं आणि किती वेळ हाताशी ठेवायचा?

जरूर जा. पण 'एक इमारत पाहून यायची' असा बेत करू नका, बेटावर अर्धी दुपार काढायचा बेत करा. नुरिमारु आतून पाहायला अर्धा-पाऊण तास पुरतो. टॅक्सीने थेट यायचं, आत एक फेरी मारायची, फोटो काढायचे आणि परतायचं, असं करणाऱ्यांना हमखास वाटतं की एवढ्यासाठी आलो का. इमारत मुळात लहान आहे, तीन मजली. दोंगबेकसोम नावाच्या ज्या छोट्या बेटाच्या कडेला ती बसवली आहे, त्या बेटाशी तिचं सगळं नातं आहे. बेट फिरून आलं की छताचा तो आकार तसा का आहे, शिखर परिषदेसाठी हीच जागा का निवडली आणि समोरच्या ग्वांगान पुलाचा फोटो सगळे इथूनच का काढतात, हे आपोआप उलगडतं. तुमच्या हिशेबात तीन ते साडेतीन तास धरा.

आधी वेळेचं बघू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. इमारत सकाळी ९ ते संध्याकाळी ६ उघडी असते, पण आत शेवटचा प्रवेश ५ वाजता. प्रवेशाला पैसे नाहीत, एकट्यादुकट्या पर्यटकाला आधी नोंदणीही करावी लागत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बंद. हा सोमवार महिन्याच्या सात तारखेपर्यंत कधीही येऊ शकतो, त्यामुळे तारीख पाहूनच दिवस ठरवा. शिवाय ही नुसती प्रेक्षणीय वास्तू नाही, इथे आजही परिषदा भरतात. कोरिया आणि मेकाँग खोऱ्यातल्या देशांची पहिली शिखर बैठक २७ नोव्हेंबर २०१९ ला इथेच झाली. असा कार्यक्रम असला की सामान्य लोकांना आत सोडत नाहीत. त्यासाठी कोरियाची पर्यटक मदतवाहिनी आहे, क्रमांक १३३०. तिथे इंग्रजीत बोलता येतं. निघायच्या दिवशी सकाळी फोन करून 'आज नुरिमारु उघडं आहे का' एवढं विचारून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि आईला घेऊन जाताना ते टाळू नये.

आता तिथे काय घडलं ते. एपेक म्हणजे पॅसिफिक महासागराभोवतीच्या २१ सदस्यांचा आर्थिक सहकार्याचा गट. त्यांच्या नेत्यांची तेरावी बैठक १८ आणि १९ नोव्हेंबर २००५ ला बुसानमध्ये झाली. पहिल्या दिवशी नेते बेक्स्कोत बसले, म्हणजे तुमचं प्रदर्शन जिथे आहे तिथेच. दुसऱ्या दिवशी ते नुरिमारुत आले. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यजमान होते, आणि पाहुण्यांत जॉर्ज बुश, चीनचे हू जिंताओ, पुतिन, जपानचे कोइझुमी अशी मंडळी होती. एपेकच्या त्या वेळच्या प्रथेप्रमाणे नेत्यांनी यजमान देशाचा पारंपरिक पोशाख घालून एकत्र फोटो काढला. तो पोशाख म्हणजे दुरुमागी, हानबोक या कोरियन पेहरावावर घालायचा लांब रेशमी अंगरखा. व्यापार खुला करण्याचा 'बुसान आराखडा', पुढच्याच महिन्यात हाँगकाँगला होणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीसाठीचं निवेदन आणि बर्ड फ्लूविरुद्धची तयारी हे त्या बैठकीचे मुख्य विषय. शहरात तेव्हा शेतकऱ्यांचे मोठे मोर्चे निघाले होते, आणि पोलिसांनी मोर्चे अडवायला रस्त्यात चक्क जहाजांवरचे कंटेनर आडवे लावले होते. बंदराच्या शहरात तेच हाताशी होतं. दुसऱ्या दिवसाची बैठक बेटावर का ठेवली, हे यावरून लक्षात येईल. दोंगबेकसोम पूर्वी खरोखरच बेट होतं. पुढे वाळू-गाळ साचून ते जमिनीला जोडलं गेलं. आज त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे आणि आत यायला एक अरुंद मान. तेवढी मान राखली की सगळं बेट राखता येतं.

भारतातून जाणारे आत गेल्यावर हटकून आपला झेंडा शोधतात. तो तिथे नसतो, कारण भारत एपेकचा सदस्य नाही. भारताने इच्छा दाखवली होती, पण १९९८ मध्ये रशिया, पेरू आणि व्हिएतनाम आत आले, आणि त्यानंतर नवा सदस्य कोणी झालेला नाही. आईला आधीच सांगून ठेवा. आणखी एक: माहितीफलकांवर सदस्यांना 'देश' न म्हणता 'अर्थव्यवस्था' म्हटलेलं दिसेल. हाँगकाँग आणि तैवान हेही स्वतंत्र सदस्य आहेत, तैवान तर 'चायनीज तैपेई' या नावाने बसतं, म्हणून ही शब्दयोजना.

इमारतीकडे पाहताना सुरुवात छतापासून करा. कोरियात डोंगरावर किंवा पाण्याकाठी बांधतात त्या उघड्या मंडपाला 'जोंगजा' म्हणतात. खांबांवर छप्पर, चारी बाजूंनी मोकळं, बसून निसर्ग बघायची जागा. नुरिमारु हे त्या जोंगजाचं काच आणि पोलाद वापरून केलेलं आधुनिक रूप. बाहेरचे बारा खांब मोजून पाहा. छताची वळणरेषा दोंगबेकसोमच्या डोंगरकण्यासारखी घेतली आहे. हे जवळ उभं राहून कळत नाही, दीपगृहाच्या बाजूने, मागे बेटाची झाडी दिसत असताना कळतं. त्यामुळे आधी दीपगृह आणि मग इमारत हा क्रम मला जास्त योग्य वाटतो. नावात 'नुरी' म्हणजे जग आणि 'मारु' म्हणजे माथा.

आत सगळ्यात महत्त्वाची जागा तिसऱ्या मजल्यावरचं बैठकीचं दालन. मोठं गोल टेबल, त्याभोवती सदस्यांच्या जागा, आणि काचेबाहेर समुद्र. टेबलाशी जाऊन खुर्चीत बसता येत नाही, ठरवून दिलेल्या जागेवरूनच पाहायचं. लोक टेबलाचा फोटो काढून वळतात. तुम्ही मान वर करा. दालनाचं छत सोकगुराम या बौद्ध लेण्याच्या घुमटावर बेतलेलं आहे. सोकगुराम ग्योंगजु शहराजवळच्या डोंगरावर आहे, त्याचं काम ७५१ मध्ये सुरू झालं, आणि १९९५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्याकडच्या लेण्यांसारखं ते कातळात कोरलेलं नाही. दगडाचे तासलेले तुकडे रचून घुमट उभा केला आणि वरून मातीने झाकला. तुकडे जागेवर धरायला मधे मधे पाचरीसारखे लांब दगड घातले आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला हा फरक चटकन भिडेल.

दुसरी गोष्ट लोकांच्या नजरेतून निसटते: शिंपल्याचं जडावकाम केलेला लाखेचा मोठा फलक. या कारागिरीला 'नाजोनछिलगी' म्हणतात. समुद्री शिंपल्याचा आतला चमकदार थर कागदाइतका पातळ कापायचा, आकारात कातरायचा, लाकडावर चिकटवायचा, वर लाखेचे थर चढवायचे आणि मग घासून शिंपला पुन्हा वर आणायचा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांतही शिंपले बसवलेले असतात, पण ते उजेड आत घेण्यासाठी. इथे काळ्या पार्श्वभूमीवर उजेड परतवण्यासाठी शिंपला वापरला आहे, म्हणून फलकासमोर उभं राहण्यापेक्षा डावीकडून उजवीकडे सावकाश चालत जा, रंग बदलताना दिसतात. चित्राचा विषय दीर्घायुष्याची पारंपरिक प्रतीकं: सूर्य, डोंगर, पाणी, खडक, ढग, पाइन वृक्ष, अमरत्वाची अळंबी, कासव, करकोचा आणि हरीण. आईला एकेक शोधायला सांगा, तिचाही वेळ छान जाईल.

बाकी दालनांत परिषदेची छायाचित्रं आणि माहितीफलक आहेत. ते भरभर पाहिले तरी चालेल.

आता जायचं कसं. बेक्स्कोहून हे फार जवळ आहे. बुसान मेट्रोची २ नंबरची हिरवी लाइन धरा. बेक्स्कोसाठी दोन स्थानकं आहेत, सेंटम सिटी आणि बेक्स्को, त्यातलं तुम्हाला जवळचं घ्या आणि जांगसानच्या दिशेची गाडी पकडा. बेक्स्कोच्या पुढचं स्थानक दोंगबेक, त्यापुढचं हेउंदे. इथे दोन पर्याय होतात, आणि निवड आईच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे.

पहिला पर्याय चालणाऱ्यांचा. हेउंदे स्थानकावर उतरा, गुनाम-रो या रुंद रस्त्याने सरळ किनाऱ्यावर या, दहा मिनिटं लागतात. समुद्राकडे तोंड करून उजवीकडे वळा. किनारा जिथे संपतो तिथे मोठं हॉटेल आहे, त्याच्या समुद्राकडच्या अंगाला लाकडी फळ्यांची पायवाट सुरू होते. ही वाट खडकांवरून, पाण्याच्या अगदी लगत जाते. वाटेत जलपरीचा पुतळा आणि एक छोटा झुलता पूल लागतो, मग दीपगृह, आणि त्याच्या पुढे नुरिमारु. तिथून डांबरी रस्त्याने बेटाला उरलेला वळसा घालून द बे १०१ या इमारतीपाशी बाहेर पडायचं आणि दोंगबेक स्थानकावर चालत जायचं. एकही वाट दोनदा तुडवावी लागत नाही. अंतर सगळं मिळून तीन-साडेतीन किलोमीटर. अडचण एकच, लाकडी वाटेवर चढ-उताराच्या पायऱ्या बऱ्याच आहेत.

दुसरा पर्याय तुमच्यासाठी. बेक्स्कोहून टॅक्सी घ्या आणि बेटाच्या मानेपाशी, वाहनतळाजवळ उतरा. भाडं सहा-सात हजार वॉनच्या आसपास होईल, संध्याकाळच्या गर्दीत थोडं अधिक. पुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, ही त्या बेटाची मोठी सोय आहे. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे एक किलोमीटरचा, पक्का, जवळजवळ सपाट आणि पादचाऱ्यांसाठी मोकळा. व्हीलचेअरसुद्धा ढकलता येते. गावातली वयस्क माणसं सकाळ-संध्याकाळ याच रस्त्यावर फेऱ्या मारताना दिसतील. मानेपाशी समुद्र उजव्या हाताला ठेवून निघालात की साधारण अर्ध्या किलोमीटरवर नुरिमारु. त्यापुढे दीपगृह लगेचच. तिथून पुढे रस्त्याने वळसा पूर्ण केला की पुन्हा मानेपाशी. जलपरी पाहायची असेल तर ती लाकडी वाटेवर आहे, आईला वर बाकावर बसवून तुम्ही एकट्याने खाली जाऊन या.

मेट्रोने जाऊन दोंगबेक स्थानकापासून चालायचं ठरवलंत, तर एक नंबरच्या दाराने बाहेर पडा. बेटाच्या मानेपर्यंत साधारण पंधरा मिनिटं, आणि तिथून पुढे पुन्हा पाच-दहा. नकाशावर स्थानक आणि बेट अगदी चिकटल्यासारखे दिसतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे अंतर सुरुवातीलाच दमवतं. म्हणून जाताना टॅक्सी आणि येताना वाटलं तर मेट्रो.

चालताना गुगल मॅपवर विसंबू नका. कोरियात पायी दिशा दाखवण्यात तो आजवर लंगडाच राहिलेला आहे. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच उतरवून घ्या, दोन्ही इंग्रजीत चालतात. मेट्रो-बससाठी टी-मनी कार्ड घ्या. ते बुसानमध्ये चालतं, पण त्यात पैसे भरायला रोख नोटा लागतात, तेव्हा दहा-वीस हजार वॉन सुटे ठेवा. टॅक्सीचालकाला दाखवायला कोरियन लिपीतलं नाव फोनमध्ये फोटो करून ठेवा. बोलून सांगायचंच तर 'दोंगबेकसोम' म्हणा. बेटाचं नाव प्रत्येक चालकाला ठाऊक असतं.

नावांचे घोटाळे इथे बरेच होतात, म्हणून तीन सांगतो. सेंटम सिटीत सुयोंग नदीकाठी 'एपेक नारु पार्क' नावाची बाग आहे. ती याच परिषदेच्या स्मरणार्थ आहे, पण वेगळी जागा आहे. 'एपेक' आणि 'नारु' ऐकून चालक तिकडे नेऊ शकतो. गिम्हे विमानतळावरच्या हवाईदलाच्या तळावर 'नारेमारु' नावाचं स्वागतगृह आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले ते तिथे. बातमीत ते नाव वाचून लोक नुरिमारुत ती भेट शोधतात. आणि तिसरा घोटाळा स्थानकाचा: 'सिनहेउंदे' हे रेल्वेच्या दोंघे लाइनीवरचं स्थानक आहे, किनाऱ्यापासून चांगलंच दूर. तुम्हाला हवं ते २ नंबरच्या मेट्रोचं नुसतं 'हेउंदे'.

बुसान स्थानकाकडून येणाऱ्यांनी १ नंबरच्या नारिंगी लाइनीने सोम्योनला यावं आणि तिथे २ नंबरची जांगसानकडे जाणारी गाडी धरावी. उलट दिशेची गाडी यांगसानला नेते, फलाटावर दिशा वाचूनच चढा. गिम्हे विमानतळाहून हलक्या रेल्वेने सासांग आणि तिथून २ नंबर थेट. सामान असेल तर हा प्रवास दीड तासाचा धरा.

ऑक्टोबरातल्या दुपारचं वेळापत्रक असं बसेल. महिन्याच्या मध्यापासून पुढे बुसानला सूर्य साधारण पावणेसहाला मावळतो. बेक्स्कोहून तीन-सव्वातीनला निघा. साडेतीनपर्यंत मानेपाशी. रमतगमत, एखाद्या बाकावर टेकत, चारच्या आधी दीपगृहापाशी पोचा आणि तिथून इमारत नीट बघा. सव्वाचारला आत जा, पाचच्या सुमारास बाहेर या. पुन्हा दीपगृहाच्या कठड्याशी बसा आणि सूर्यास्त तिथेच घ्या. सहा-सव्वासहाला पुलावरचे दिवे लागलेले असतील. मग उरलेला वळसा सावकाश पूर्ण करा. पाचच्या ठोक्याला दाराशी पोचण्याचा हिशेब मात्र करू नका, दोन मिनिटं उशीर झाला तरी परत फिरावं लागतं.

फोटोंबद्दल एक कळीची गोष्ट. दीपगृहापासून पाहिलं की नुरिमारु आणि त्यामागे ग्वांगान पूल, दोन्ही पश्चिमेकडे येतात. म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि इमारतीच्या काचा-खांब स्वच्छ दिसतात. दुपारी तीननंतर सूर्य समोर असतो, इमारत काळवंडते आणि फोटोत नुसती आकृती उरते. कॅमेरा कितीही महाग असला तरी हे टळत नाही. इमारतीचे तपशील हवे असतील तर सकाळी ९ ते ११ मध्ये या. पूल, आकाश आणि छताची रेषा हवी असेल तर सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सर्वांत उत्तम, कारण तेव्हा आकाश अजून निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात. तुम्ही दुपारी जाणार आहात, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या फोटोंची अपेक्षा ठेवा.

समोरचा पूल ७.४२ किलोमीटर लांबीचा, दोन मजली, २००३ मध्ये सुरू झालेला. त्याच्या डाव्या हाताला इगिदेचा डोंगरकडा आणि पुढे समुद्रात ओर्युकदोचे खडक दिसतात. ऑक्टोबरचं आकाश स्वच्छ असलं तर दक्षिणेच्या क्षितिजावर जपानचं त्सुशिमा बेट पुसट रेघेसारखं दिसतं, अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. तुम्ही सागरी व्यवसायातले आहात, तुम्हाला हा नजारा नकाशासारखा वाचता येईल: डावीकडे खुला समुद्र, समोर सुयोंगची खाडी, आणि त्या कड्यापलीकडे देशातलं सर्वांत मोठं बंदर.

दीपगृहाजवळच्या खडकावर कोरलेली तीन जुनी चिनी अक्षरं अवश्य शोधा. ती 'हेउंदे' अशी वाचतात. शिल्ला या जुन्या कोरियन राज्यातला नवव्या शतकातला विद्वान छ्वे छिवोन याने ती कोरली असं परंपरा सांगते. 'हेउन' हे त्याचं टोपणनाव, आणि त्यावरूनच या साऱ्या भागाला हेउंदे नाव पडलं. हा माणूस बारा वर्षांचा असताना शिकायला तांग चीनमध्ये गेला आणि तिथली राजसेवेची परीक्षा उत्तीर्ण झाला. अक्षरं लाटा-वाऱ्याने झिजली आहेत, तिरप्या उन्हात बरी दिसतात. बेटाच्या माथ्यावर त्याचा पुतळा आणि स्मारक आहे, पण तिकडे चढ आहे, आईला नेऊ नका.

जलपरीचा पुतळा ह्वांगोक राजकन्येचा. समुद्रापलीकडच्या नारांदा देशाहून ती इथल्या राजाशी लग्न करून आली आणि माहेरच्या आठवणीत समुद्राकडे बघत बसे, अशी ती गोष्ट आहे. पहिला पुतळा १९७४ चा. १९८७ च्या 'थेल्मा' वादळात तो मोडला, आताचा १९८९ मध्ये बसवला. भारतीय वाचकांचा इथे गोंधळ होतो, कारण अयोध्येहून आली असं मानतात त्या राणीचं नावही हो ह्वांगोक. ती गोष्ट वेगळी. ती गाया राज्याच्या सुरो राजाची राणी, आणि तिची समाधी शेजारच्या गिम्हे शहरात आहे. आणखी अर्धा दिवस निघाला तर सासांगहून हलक्या रेल्वेने 'सुरो राजसमाधी' स्थानकापर्यंत जाता येतं. राणीच्या समाधीजवळ 'पासा' दगडी स्तूप आहे, तिने जहाजातून आणला अशी श्रद्धा असलेला. आईला तो नक्की आवडेल.

हवेचं म्हणाल तर ऑक्टोबर इथे उत्तम महिना. दिवसा वीस अंशांच्या आसपास, पण बेटाच्या टोकाला वारा सतत असतो आणि सूर्य बुडाला की गारठा जाणवतो. जाकीट आणि कानाला बांधायला स्कार्फ हवाच. शेजारी मरीन सिटीचे उंच मनोरे आहेत, त्यांच्यामधून वारा अडकून जोराने सुटतो, तिथे छत्री उलटते. वादळाचा धोका ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत राहतो. ५ ऑक्टोबर २०१६ ला 'छाबा' वादळात मरीन सिटीच्या संरक्षक भिंतीवरून लाटा रस्त्यावर आल्या होत्या. लाटा मोठ्या असल्या की लाकडी वाट बंद करतात. बंद असेल तर साखळी ओलांडू नका, वरचा रस्ता वापरा. जून-जुलैमध्ये येणाऱ्यांना वेगळा त्रास: समुद्रावरून दाट धुकं येतं आणि पूल तासन्‌तास दिसत नाही. बेटाला जिच्यावरून नाव मिळालं ती दोंगबेक, म्हणजे कॅमेलिया, थंडीत फुलते. लाल फुलं साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत. तुम्हाला ऑक्टोबरमध्ये हिरवीगार पानं आणि कळ्याच मिळतील.

एक तारीख सांभाळा. बुसानचा आतषबाजीचा उत्सव २००५ मध्ये याच परिषदेच्या निमित्ताने सुरू झाला आणि तो ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये ग्वांगाल्ली किनाऱ्यावर होतो. बेटावरून तो दिसतो, म्हणून त्या संध्याकाळी इथे मुंगीला शिरायला जागा नसते, मेट्रोत चढता येत नाही आणि टॅक्सी मिळत नाही. आईबरोबर त्या दिवशी जाऊ नका.

शाकाहारी माणसांनी बेटावर जेवणाच्या भरवशावर राहू नये. बुसानचे नावाजलेले पदार्थ डुकराच्या मांसाचा रस्सा-भात आणि माशाच्या वड्या. ज्यात मांस दिसत नाही त्यातही फसगत होते: किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो, आणि साध्या वाटणाऱ्या सूपचं पाणी सुक्या मासळीचं असतं. हेउंदेच्या गुनाम-रो भागात भारतीय जेवण शोधता येतं, निघण्यापूर्वी नकाशात पाहून ठेवा. कोरियनच खायचं तर बिबिंबाप मागा आणि मांस-अंडं नको हे लिहून दाखवा. बरोबर दशम्या-चटणी असली तर सूर्यास्ताची वाट पाहताना बाकावर बसून खाता येतील. कचरा मात्र पिशवीत घालून परत न्या, रस्त्यावर कचरापेट्या फारच कमी असतात.

आणि १३३० वर 'आज बंद आहे' असं कळलं तरी बेत मोडू नका. बंद असते ती इमारत, बेटावरचा रस्ता सहसा खुलाच असतो. कार्यक्रम मोठा आणि पाहुणे बडे असतील तेव्हाच मानेपाशी अडवतात. तशा दिवशी द बे १०१ च्या धक्क्यावरून मरीन सिटीचे दिवे पाण्यात पडलेले बघा आणि तिथून टॅक्सीने ग्वांगाल्ली किनारा गाठा. पूल तिथून आणखी जवळून दिसतो आणि किनाऱ्यालगतचा रस्ता आईला सोपा पडेल. दुसरा दिवस हाताशी असेल, तर सकाळी नऊला दार उघडतं तेव्हा या. सहलींच्या बस त्या वेळी आलेल्या नसतात आणि इमारतीवर ऊन समोरून पडलेलं असतं.